‘आज्ञावली’तील आज्ञा : दुर्बिणीच्या नियंत्रणभाषेची एक चिकित्सा

संगणकाच्या ‘प्रोग्रॅम’साठी मराठीत ‘आज्ञावली’ हा शब्द आता चांगला रूढ झाला आहे. शब्द सुबोध आहे, उच्चारास सोपा आहे आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी सहज बसला आहे. पारिभाषिक संज्ञांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला एवढे यश येते. तथापि जो शब्द सहज रुळतो त्याच्या पोटातील कल्पनाही विनाचौकशी स्वीकारली जाते. ‘आज्ञावली’च्या पोटातील कल्पना अशी, की यंत्र चालविणे म्हणजे त्याला एकामागून एक आज्ञा देणे. माणूस बोलतो, यंत्र ऐकते. बोलणे एका बाजूचे, करणे दुसऱ्या बाजूचे. ही कल्पना कोठवर टिकते हे तपासण्यास महाराष्ट्रातच एक उत्तम उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हे ते उदाहरण होय. तिची नियंत्रणसामग्री व नियंत्रणाची आज्ञावली ही दोन्ही गेल्या दीड दशकात मोठ्या प्रमाणावर बदलली. हा बदल मराठीत सांगू गेल्यास ‘आज्ञावली’ हा शब्द मध्येच अपुरा पडतो, आणि तो जेथे अपुरा पडतो नेमके तेथेच त्या बदलाचे मर्म आहे.

खानदेशात अशी दुर्बीण नाही. तरीही प्रश्न जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकास परका नाही. एक तर विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करणारी साधने ह्या भागातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहेत. दुसरे असे, की आपोआप चालणाऱ्या यंत्रांविषयी ज्याने बाराव्या शतकात लिहिले त्या भास्कराचार्याची परंपरा सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ह्या दोहोंचा उपयोग पुढे होईल. आधी खोडदकडे पाहणे इष्ट.

प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून साकारलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालविते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिच्यात आहेत. त्यांपैकी चौदा मध्यवर्ती एका चौरस किलोमीटरच्या परिसरात असून उरलेल्या सोळा तीन भुजांवर इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात पसरल्या आहेत. दूरात दूरच्या दोन तबकड्यांतील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांस खुली झाली. एका भुजेच्या टोकाशी उभ्या असलेल्या तबकडीजवळ दर वेळी माणूस जाऊन तिला वळविणार नाही हे उघड आहे. प्रत्येक तबकडी मध्यवर्ती इमारतीशी प्रकाशतंतूने जोडलेली आहे आणि तिची सर्व हालचाल त्या इमारतीतून होते.

तबकडी दोन प्रकारे फिरते: क्षितिजाच्या दिशेने, म्हणजे दिगंशात, आणि वर-खाली, म्हणजे उन्नतांशात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आकाशातील कोणताही स्रोत तासाला पंधरा अंश ह्या गतीने सरकत राहतो. म्हणून तबकडी एकदा रोखून भागत नाही, निरीक्षण चालू असेपर्यंत ती सतत हलत राहावी लागते. १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास एका तबकडीचे दृष्टिक्षेत्र सुमारे २४ कलांचे, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी असते. एवढा अवजड सांगाडा इतक्या बारीक मापाने हलवायचा तर दातेरी चाकांतील थोडीशी ढिलाईही चालत नाही. म्हणून प्रत्येक अक्षावर दोन मोटरी बसविलेल्या असतात व त्या एकमेकींविरुद्ध किंचित ताण धरून ठेवतात. एक ओढते आणि दुसरी आवरते, तेव्हा कोठे दाते एकमेकांना चिकटून राहतात.

जुन्या व्यवस्थेत मध्यवर्ती संगणकावरील आज्ञावलीचे नाव ‘ऑनलाइन’ असे होते. ती प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी असलेल्या संगणकाशी बोलत असे, आणि तो संगणक पुढे मोटरींशी व ग्राहकयंत्रांशी बोलत असे. निरीक्षकाने आधी एक आज्ञासंचिका तयार करायची, आणि यंत्रचालकाने ती चालवायची, अशी पद्धत होती. ह्या संचिकेतील भाषा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तिच्यात कर्ता नाही, काळ नाही, लिंगवचन नाही. ‘स्टार्ट’ व ‘स्टॉप’ ह्या इंग्रजी क्रियापदांतील स्वर गाळून उरलेल्या व्यंजनांना माहितीसंकलनाच्या यंत्रणेचे आद्याक्षरी नाव जोडलेले, एवढ्यावर शब्द पुरा होतो. मग एक कालावधी, आणि मग पुढची आज्ञा. मराठीतही द्वितीय पुरुषी एकवचनी आज्ञार्थ म्हणजे बहुधा नुसता धातूच असतो: थांब, फिर, बस, उठ. प्रत्यय लावण्यास सवड नसावी अशा घाईचे ते रूप आहे. खोडदच्या आज्ञांनी ती घाई आणखी एक पायरी पुढे नेली आणि धातूतले स्वरही काढून टाकले.

येथवर ‘आज्ञावली’ हा शब्द अगदी चपखल आहे. ही खरोखरच आज्ञांची ओळ होती.

पुढे ह्या दुर्बिणीची सुधारणा हाती घेण्यात आली. तबकड्या त्याच राहिल्या. पूर्वी ती मोजक्या, तुटक वारंवारिता-पट्ट्यांत ऐकत असे, ती आता सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ एवढ्या जवळजवळ सलग पल्ल्यात ऐकू लागली. एका वेळी हाताळता येणारी पट्ट्याची रुंदी ३२ मेगाहर्ट्झची ४०० झाली. मोटरींतील ब्रश झिजतात व त्यांची काजळी साचते, म्हणून त्यांच्या जागी ब्रशविरहित मोटरी व त्यांची नवी चालनयंत्रे आली. संदेशांचा मेळ घालणारी जुनी विद्युत्‌मंडले जाऊन ते काम संगणकांकडे आले. नियंत्रणासाठी मूळ फ्रान्समधील ग्रनोबल येथील क्ष-किरण प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘टँगो’ ह्या चौकटीचा आधार घेण्यात आला. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे उभारल्या जात असलेल्या, व भारत २०२४ मध्ये ज्याचा पूर्ण सदस्य झाला त्या, ‘एस्‌केए’ ह्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पानेही हीच चौकट स्वीकारली आहे. हे सर्व दुर्बीण बंद न ठेवता करावयाचे होते. जुनी व्यवस्था निरीक्षकांच्या सेवेत आणि नवी तिच्या शेजारी, असे दोन संसार काही काळ एका घरात नांदले.

ह्या बदलाला मराठीत काय म्हणावे, ह्याचा थोडा विचार येथेच केलेला बरा. ‘अद्ययावत करणे’ हा नेहमीचा पर्याय केवळ आजपर्यंत आणणे एवढेच सांगतो, आणि उद्या तो शिळा होतो. ‘उन्नयन’, ‘श्रेणीवर्धन’ हे शब्द कार्यालयीन टिपणीपलीकडे कधी गेलेच नाहीत. वस्तुतः मूळ सांगाडा व स्थान राखून झिजलेले तेवढे बदलणे, आणि तेही पूजा-अर्चा खंडित न करता, ह्यासाठी मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा नेमका शब्द आहे. त्याला देवळाचा वास आहे एवढ्याच कारणाने परिभाषाकारांनी तो दूर ठेवला असल्यास ती त्यांची अतिसावधगिरी होय.

आता मूळ मुद्दा. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार ‘अर्थ’ मानतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. दादोबा पांडुरंग, मोरो केशव दामले आदी व्याकरणकारांच्या वर्गीकरणातील तपशील येथे आवश्यक नाहीत. सामान्य विद्यार्थ्यास ठाऊक असलेली विभागणी पुरेशी आहे. ‘तबकडी फिरते’ हा स्वार्थ, ‘तबकडी फिरव’ हा आज्ञार्थ, ‘तबकडी येथे असावी’ हा विध्यर्थ, आणि ‘वारा वाढता तर तबकडी थांबती’ हा संकेतार्थ. ह्यांत आज्ञार्थाचे एक वैशिष्ट्य सर्वांहून वेगळे आहे. आज्ञा खरी नसते आणि खोटीही नसते. ती पाळली जाते किंवा पाळली जात नाही, आणि पाळली गेली की नाही हे सांगण्याची सोय आज्ञेच्या वाक्यात नाही. त्यासाठी दुसरे वाक्य लागते, आणि ते स्वार्थातच असावे लागते. ‘फिर’ असे सांगून झाल्यावर ‘फिरली’ असे कोणीतरी म्हणावे लागते. आणि ‘फिरली’ हे विधान खोटेही ठरू शकते. बिघाड सापडतो तो ह्या खोटे ठरण्याच्या शक्यतेमुळेच.

तबकडीच्या मोटरींचे नियमन ह्या दृष्टीने पाहिल्यास ते व्याकरणाचाच एक पाठ वाटू लागते. ह्या क्षणी तबकडी कोणत्या कोनात असावी, हे गणिताने काढलेले वाक्य विध्यर्थी आहे. अक्षावर बसविलेले कोनमापक ती प्रत्यक्ष कोठे आहे हे सांगते. ते वाक्य स्वार्थी आहे. दोहोंतील तफावत जेवढी, तेवढी दुरुस्ती मोटरीला आज्ञार्थाने सांगितली जाते, आणि हे चक्र अखंड चालू राहते. म्हणजे आज्ञा ही ह्या व्यवहाराची सुरुवात नव्हे. ‘असावे’ आणि ‘आहे’ ह्यांच्या वादातून तिचा जन्म होतो. ‘आज्ञावली’ ह्या शब्दाने चौघांपैकी एकाचेच नाव पाटीवर लावले आहे.

जुनी व्यवस्था मुकी होती असा ह्याचा अर्थ नाही. तबकडीची स्थिती मध्यवर्ती संगणकाला तेव्हाही कळत असे. परंतु टँगोसारख्या चौकटीत प्रत्येक उपकरणाचे वर्णनच निराळ्या पद्धतीने होते. उपकरणाला आज्ञा असतात, त्याचबरोबर गुणधर्म असतात आणि एक घोषित ‘स्थिती’ असते: चालू, बंद, हलते आहे, बिघडले आहे. एखादा गुणधर्म बदलला की तो पाहू इच्छिणाऱ्यांना उपकरण स्वतः होऊन कळवू शकते. दर वेळी विचारावे लागत नाही. आज्ञा ह्या वर्णनात आहेच, पण तिच्या शेजारी विधानाला समान आसन दिले आहे. भाषेच्या परिभाषेत सांगायचे तर संवादातील दुसरा पक्ष प्रथमपुरुषी बोलू लागला.

ह्यावर असा आक्षेप येणे शक्य आहे, की यंत्राला अर्थ कसले आणि पुरुष कसला? तारेतून जातात ते विद्युत्‌स्पंद. व्याकरण हा पाहणाऱ्याचा आरोप आहे. आक्षेप निराधार नाही. तथापि संगणकभाषांचे ‘आज्ञार्थी’ आणि ‘निवेदनपर’ असे वर्गीकरण स्वतः संगणकशास्त्रज्ञांनीच व्याकरणावरून उचललेले आहे. उपमा त्यांचीच आहे; ती अर्ध्यावर सोडू नये एवढीच अपेक्षा येथे आहे.

जळगाव जिल्ह्याच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलच्या बाजूला, हाच फरक विहिरीच्या काठावर पाहावयास मिळतो. शेतीची वीज ठरावीक तासच असते, आणि पुष्कळदा रात्रीची असते. वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ बसवितात. शेतकरी झोपलेला असो वा गावाला गेलेला असो, लाईट आली की मोटर सुरू. हे निखळ आज्ञार्थी यंत्र आहे. विहिरीत पाणी आहे की नाही ते त्याला ठाऊक नाही, नळी फुटली आहे की नाही ते ठाऊक नाही. त्याला एकच वाक्य येते, ‘सुरू हो’. परिणाम असा, की विहीर आटली असता मोटर कोरडीच फिरत राहते. शिवाय वीज येताच परिसरातील सर्व मोटरी एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर एकदम भार पडतो, म्हणून ऑटो स्विच काढून टाकण्याचे आवाहन महावितरणकडून वेळोवेळी केले जाते. ह्याच्या उलट, अलीकडे भ्रमणध्वनीवरून चालणारे जे स्टार्टर आले आहेत ते मोटर सुरू करतात आणि उत्तरही देतात: मोटर चालू झाली, एक फेज गेला, पाणी नाही म्हणून बंद झाली. शेतकरी ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो ते हे उत्तर होय. आज्ञा तर ऑटो स्विचही पाळीत होता. दोन्ही साधनांना मराठीत ‘स्वयंचलित’ असेच म्हणतात, आणि तेथेच परिभाषेची उणीव उघडी पडते.

‘स्वयंचलित’ हा शब्द संस्कृत घडणीचा असला तरी ह्या अर्थी तो अर्वाचीन आहे. ह्याहून जुना व अधिक अर्थवाही शब्द ‘स्वयंवह’ हा होय. तो भास्कराचार्याने वापरला आहे, आणि येथे पाटणचा विषय येतो. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्याने वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. त्यातील गोलाध्यायात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पोकळ आरे असलेले चाक घ्यावे, आरे पाऱ्याने अर्धवट भरावे, मग ते चाक आपोआप फिरत राहील, असे एक स्वयंवह यंत्र त्याने सांगितले आहे. खानदेशातील व्याख्यानांतून ह्या वर्णनाच्या आधारे भास्कराचार्यास स्वयंचलनाचा जनक ठरविण्याचा मोह अधूनमधून होतो. तो टाळावा. असे चाक अखंड फिरू शकत नाही हे आजचे पदार्थविज्ञान निःसंदिग्धपणे सांगते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भास्कराचार्याचे स्वतःचे मतही फार उत्साहाचे नाही. अशी यंत्रे ‘कुहकविद्ये’ने, म्हणजे गारुडाच्या कौशल्याने होतात, आणि त्यांचा गोलाशी संबंध आहे म्हणून नव्हे, तर पूर्वाचार्यांनी सांगितली म्हणून आपणही सांगितली, असा खुलासा तो करतो. ज्याने स्वतः हात झटकले त्याच्या गळ्यात हार घालण्याचे कारण नाही.

मात्र त्याच प्रकरणातील एक भेद आजही उपयोगी आहे. बाहेरून कशाची तरी अपेक्षा ठेवणारे यंत्र सापेक्ष, म्हणून ते ग्राम्य, असे भास्कराचार्य मानतो. त्याच्या दृष्टीने निरपेक्षता ही यंत्राची प्रतिष्ठा होती. आधुनिक नियंत्रणशास्त्राने ही प्रतिष्ठा नेमकी उलटी केली आहे. कोनमापकाकडून, वाऱ्याच्या मापकाकडून, विजेच्या मापकाकडून सतत काहीतरी ऐकत राहणारे, म्हणजे पूर्णपणे सापेक्ष असलेले यंत्रच आज विश्वासार्ह ठरते. निरपेक्ष यंत्र म्हणजे आपला विहिरीवरचा ऑटो स्विच. भास्कराचार्याने दहा यंत्रे मोजून त्यांत ‘धीयंत्र’, म्हणजे बुद्धी, हेच खरे यंत्र ठरविले आणि हातातील काठीच्या रोखाने वेळूचे बूड व शेंडा वेधून त्याची उंची व अंतर काढण्याची रीत दाखविली. पाहणे, ताडणे आणि मग ठरविणे ही क्रिया त्या काठीवाल्या माणसात आहे. पाऱ्याच्या चाकात ती नाही. स्वयंचलनाचा पूर्वज शोधायचाच तर तो चाकापाशी न शोधता ह्या काठीपाशी शोधावा लागेल.

पाटणच्या शिलालेखाचे महत्त्व भाषाभ्यासकास वेगळ्याच कारणाने आहे. भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या ह्या लेखात भास्कराचार्याचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठाची हकीकत आहे. लेख शके ११२८ चा. त्यातील कुलवर्णन व स्तुती संस्कृतात आहे. परंतु मठाला कोणाकडून काय मिळावे हा भाग आला की भाषा मराठी होते. पाटणात विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाकडे जाणारे उत्पन्न मठास दिल्याची नोंद आणि घाण्यांमागे द्यावयाच्या तेलाचे माप हे सारे मराठीत आहे. जितके घाणे चालतील तितक्या पळ्या तेल, असे त्या नियमाचे स्वरूप आहे. येथे आज्ञार्थाची गरज पडलेली नाही. ‘दिले आहे’ हे विधान आणि ‘जितके–तितके’ हा संबंध एवढ्यावर संस्था चालण्याची व्यवस्था झाली. ज्यांना नियम पाळायचा होता ते तेली व व्यापारी मराठी बोलत होते, म्हणून नियम मराठीत लिहिला गेला. विद्वत्ता संस्कृतात आणि देखभाल मराठीत, अशी ही वाटणी आहे, आणि देखभालीच्या वाक्यरचनेत मराठी तेव्हाही कोठे कमी पडलेली दिसत नाही.

मग आज ती का कमी पडावी? ह्याचे एक कारण असे, की आपल्या परिभाषेची घडण मुख्यतः नामांवर झाली आहे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. त्या कार्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु कोशाची भूक नामांची असते. इंग्रजी नामासमोर मराठी नाम बसविले की ओळ पुरी होते. यंत्र मात्र वाक्यांनी चालते, आणि वाक्याचा कणा क्रियापद असतो. ‘दूरदर्शक’ की ‘दुर्बीण’ ह्या वादावर जेवढी शाई खर्ची पडली तिचा अंशही यंत्राच्या क्रियापदांना मिळाला नाही. (त्या वादाचा निकाल, जाता जाता, दुर्बिणीच्याच बाजूने द्यावा लागेल. फारसीतील ‘दूर’ आणि ‘बीन’ हे घटक मराठी माणसाला ऐकू येत नाहीत, म्हणून काहीही न ‘पाहणाऱ्या’ रेडिओ दुर्बिणीलाही तो शब्द खुशाल चालतो. ‘दूरदर्शका’तले दर्शन मात्र प्रत्येकाला ऐकू येते आणि तेथे आडवे येते.) धुळ्यात देह ठेवलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी धातूंचा संग्रह केला, व धुळ्याच्याच संशोधन मंडळाने १९३७ मध्ये तो धातुकोश प्रसिद्ध केला. शास्त्रीय परिभाषेसाठी तो कोणी उघडून पाहिल्याचे दिसत नाही.

वास्तविक नियंत्रणाच्या व्यवहाराला लागणारे शब्द मराठीच्या जुन्या दप्तरी भाषेत पडून आहेत. मध्यवर्ती संगणकाने उपकरणाला ठरावीक वेळाने ‘कसे काय’ विचारावे ही ‘विचारणा’. उपकरणाने न विचारता, बदल होताच, स्वतः कळवावे ही ‘वर्दी’. गावात काही घडले की चावडीवर किंवा ठाण्यावर जाते तीच. असायला हवे ते आणि आहे ते ह्यांचा ताळा पाहणे ही ‘रुजवात’. हिशेबात ती घालतात, तबकडीच्या कोनांतही ती घालता येईल. विचारणा, वर्दी, रुजवात हे तिन्ही शब्द ‘आज्ञे’ला लागून उभे केले की खोडदच्या बदलाचे वर्णन एका वाक्यात होते: पूर्वी विचारणेवर भर होता, नंतर वर्दीची सोय झाली, आणि रुजवात दोन्ही काळी चालूच होती. ‘आज्ञावली’ हा शब्द काढून टाकण्याचे कारण नाही. निरीक्षकाच्या आज्ञासंचिकेला तो शोभतो. तेवढ्यापुरता तो ठेवावा, सगळ्या व्यवस्थेला लावू नये.

वाक्यरचनेतही मराठीने काही सूक्ष्म सोयी राखून ठेवल्या आहेत, व त्यांचे पारिभाषिक मोल मोठे आहे. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की खोडदच्या तबकड्या निरीक्षण थांबवून आकाशाकडे सरळ उताण्या केल्या जातात, कारण त्या स्थितीत वारा त्यांना कमी धरतो. हा नियम मराठीत कसा लिहावा? ‘वारा वाढला तर’, ‘वारा वाढू लागला तर’ आणि ‘वारा वाढणार असेल तर’ ही तीन वाक्ये बोलताना सारखीच वाटतात, परंतु यंत्राला ती तीन निरनिराळे नियम सांगतात. पहिल्यात मर्यादा ओलांडली गेल्यावर कृती, दुसऱ्यात चढाचा कल दिसताच, तिसऱ्यात अंदाजावरून. पहिल्या वाक्यातील भूतकाळी रूप भविष्यातील घटनेसाठी वापरले आहे हे मराठी मुलाला शिकवावे लागत नाही. मात्र नियम लिहिणाऱ्याने तिघांतील एक निवडला पाहिजे, आणि ४५ मीटरची तबकडी उताणी होण्यास लागणारा वेळ लक्षात घेता ही निवड केवळ शैलीची राहत नाही.

माणूस व्यवहारातून जितका दूर होतो तितका हा प्रश्न तीव्र होतो. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरूची भारतीय ताराभौतिकी संस्था ह्यांनी लडाखमधील हान्ले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर, ७० सेंटिमीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण २०१८ मध्ये कार्यान्वित केली. ती पूर्णपणे यंत्रमानवी पद्धतीने चालणारी भारतातील पहिली संशोधन-दुर्बीण आहे. अवकाशात एखादा स्फोट झाल्याची वर्दी आली की दुर्बिणीचा रोख तिकडे वळवावयाचा. हवामान बिघडले तर काम आवरते घ्यावयाचे. अशा दुर्बिणीजवळ रात्री निरीक्षक बसलेला नसतो. त्यामुळे तेथे रात्रभरात काय घडले ह्याचा एकमेव साक्षीदार यंत्राने ठेवलेली रोजनिशी हाच असतो.

अशी रोजनिशी मराठीत लिहिली गेली तर तिच्यातील पहिली अडचण ‘करणे’ व ‘होणे’ ह्या जोडीची असेल. आपल्या कारागिरांची भाषा ह्या बाबतीत फार जागरूक आहे: मोटर ‘बंद केली’ आणि मोटर ‘बंद झाली’ ह्यांत तो कधी गोंधळ करीत नाही, कारण पहिल्यात माणूस जबाबदार आहे आणि दुसऱ्यात वीज, पाणी किंवा यंत्र. इंग्रजी ‘क्लोज्ड’ ह्या एका शब्दात दोन्ही मावतात. मराठीने मात्र निवड करायची असते, आणि जेथे आज्ञा यंत्रानेच यंत्राला दिलेली आहे तेथे दोन्ही रूपे अडतात. ‘घुमट बंद केला’ म्हणावे तर कर्ता कोण हे लिहावे लागते. ‘घुमट बंद झाला’ म्हणावे तर तो नियमाने बंद झाला की बिघाडाने, हे सकाळी रोजनिशी उघडणाऱ्या अभियंत्याला कळत नाही. तेव्हा अशा नोंदीत क्रियापदाच्या आधी नियमाचे नाव आलेच पाहिजे: ‘दमटपणाच्या नियमाने घुमट बंद झाला’, ‘वाऱ्याच्या नियमाने तबकडी उताणी झाली’. नियम तृतीया विभक्तीत, क्रियापद ‘होणे’चे, आणि नियमाचे नाव नसलेली प्रत्येक ‘झाला’ची नोंद बिघाडाची समजून तपासायची.